पक्ष : नाही

“अकरा जण, व्हर्न! आपल्या एका गल्लीतले अकरा जण घरात बूड टेकून बसले. त्यातला एक, एक जरी उठला असता ना, तर आज मला कोर्टात जाऊन पेटीतून गोटी काढायची वेळ आली नसती!”

मार्लीनच्या हातात इस्त्री होती आणि ती ब्लाउजवर कमी, हवेतच जास्त फिरत होती. व्हर्ननं ब्रेडचा तुकडा अंड्याच्या पिवळ्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. सकाळचे सव्वाआठ वाजले होते.

“आणि त्या अकरांत स्टॅश असणारच. पैज लाव माझ्याशी.”

“स्टॅशनं तुझं काय घोडं मारलंय?”

“दर रविवारी इथं, याच खुर्चीत बसतो. माझा केक खातो. आणि मताचं नाव काढलं की म्हणतो, मार्लीन, दोघेही सारखेच चोर. अरे, मी चोर आहे का? त्याच्या बायकोचे केस कापलेत मी, ती जाईपर्यंत, आजारात घरी जाऊन कापलेत!”

“त्यानं तुला नाही म्हटलं चोर.”

“मग कुणाला म्हटलं? मतपत्रिकेवर माझं नाव होतं.”

“पक्षांना म्हटलं.”

“पक्ष नव्हते उभे, व्हर्न. मी होते उभी.”

“माणसाला वीट येऊ शकतो की नाही?” व्हर्न एकदम ओरडला. “का तोही तुझ्या परवानगीनं यायचा?” अंड्याचा एक थेंब टेबलावर पडला. मार्लीननं इस्त्री उभी ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. आवाज एवढा मोठा कशाला निघाला ते त्यालाही कळलं नाही. स्टॅशसाठी? स्टॅशसाठी त्यानं आयुष्यात कधी बर्फसुद्धा उपसला नव्हता.

“तुला काय झालं ओरडायला?” ती म्हणाली. “आकडा डेलनं फोनवर सांगितला, आज यादी आणतोय. नावानिशी. मग बघतेच एकेकाकडे.”

“बघून काय करणार? केस वाकडे कापणार?”

“कापणार! आरशात बघतील तेव्हा मे महिन्यातला तो मंगळवार आठवेल, असे कापणार.”

तो हसला. डेल म्हणजे डेमोक्रॅटांचा वॉर्डातला माणूस. निवडणूक झाली की तीन आठवड्यांनी त्याच्याकडे कागद येतात. मत कुणाला दिलं ते देवाला ठाऊक, पण आलात की नाही ते जगजाहीर असतं. यादीत घर नंबर, नाव, पक्ष, आणि शेवटी आला की नाही आला. त्या अकरांतलं एक नाव व्हर्नला पाठ होतं. ते नाव आत्ता बोटांना अंडं माखून मार्लीनसमोर बसलं होतं.

सहाशे अठरा तिला आणि सहाशे अठरा दाताच्या डॉक्टर लँडग्राफला. तीनदा मोजलं. शाळा मंडळाची एक जागा, पगार शून्य, दर महिन्याला दोन बैठका आणि शिव्या. पण मार्लीनला ती हवी होती, कारण त्यांच्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेची लायब्ररी बंद करून पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत भरून तळघरात टाकली होती, आणि लँडग्राफ जाहीर सभेत म्हणाला होता की हल्ली मुलांकडे फोन असतात. त्या रात्री ती झोपली नाही. पाणी गळणाऱ्या तळघरात पुस्तकं, पाणी गळणाऱ्या तळघरात पुस्तकं, असं ती छताकडे बघून म्हणत होती. शाळा मंडळाच्या उमेदवाराला इथे दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या आधी पक्षात नाव असलेल्यांनीच मत द्यायच्या निवडणुकीत, उभं राहता येतं, सगळेच राहतात. रिपब्लिकनांच्या मतपत्रिकेवर लँडग्राफनं तिला पार झोपवलं. डेमोक्रॅटांच्या मतपत्रिकेवर बरोबरी. आज गोटी तिची निघाली तर नोव्हेंबरात पुन्हा लढाई, नाही निघाली तर नोव्हेंबरात लँडग्राफ एकटाच दोन्हीकडून उभा, म्हणजे झालंच. बायको दोन्ही पक्षांत उभी आणि नवरा एकातही नाही. हे त्याला पहिल्यांदा सुचलं तेव्हा तो बस चालवत होता आणि मोठ्यानं हसला होता, मागच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली होती.

“आणि गोटी तू काढायची,” मार्लीन म्हणाली. ब्लाउज तिनं अंगावर चढवला होता आणि ती बटणं लावत होती, एक चुकलं, पुन्हा सोडली.

“मी? उमेदवार तू आहेस.”

“उमेदवारानं नेमलेला माणूस चालतो. विचारलं मी. चर्चच्या रॅफलच्या सोडतीत दोनदा हॅम कुणी जिंकला? तू. एकदा डुकराच्या बरगड्या कुणी? तू. माझ्या हाताला आजवर काय लागलंय? तू लागलास.” ती जवळ आली आणि त्याच्या जाकिटाच्या खिशावर बोट टेकवलं. “आणि हे काढायचं नाही. हे शुभ आहे.”

खिशावर तो गोल स्टिकर होता. ‘मी मत दिलं’. तीन आठवड्यांत त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या, बसच्या स्टिअरिंगचा मळ, कॉफी, एक कोपरा वर आलेला. त्यानं दोनदा तो उपटायचा म्हणून हात लावला होता आणि दोन्ही वेळा मार्लीननं ओरडून थांबवलं होतं. शपथविधी होईपर्यंत राहू दे म्हणाली. ती असलं काही बोलली की त्याला तिचं वय दिसायचं नाही. त्रेपन्न वर्षांची बाई, तळघरात एक खुर्ची आणि एक बेसिन मांडून वस्तीचे केस कापणारी, आणि निवडणुकीसाठी तिनं नखं घासायच्या दोन हजार कानशी छापून घेतल्या होत्या, त्यावर तिचं नाव. इथले उमेदवार वाटतातच त्या, पण लँडग्राफनं टूथब्रश वाटले तेव्हा ती दोन दिवस रागावली होती. टूथब्रश म्हणजे लाच आहे म्हणे, कानस म्हणजे आठवण.

गाडीत बसल्यावर सांगायचं, त्यानं ठरवलं. हे त्यानं आधीही ठरवलं होतं. इस्टरच्या आधी, शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे खाताना, मग मुलाच्या फोननंतर, मग ती मतमोजणीच्या रात्री स्वयंपाकघरात एकटीच नाचली तेव्हा. दरवेळी तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. मीठ दे. दार लावलंस का. यात अडकण्यासारखं काय आहे, असं तो स्वतःला खडसावायचा. दुसऱ्या बाईकडे गेला नाहीस, दारू प्यायला नाहीस, एका पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलंस. पण पुढचं वाक्य पण तोच म्हणायचा: बोट ठेवलंस आणि मग इतके महिने गप्प बसलास.

जानेवारीतली गोष्ट. लायसन्सचं नूतनीकरण करायला तो गेला होता, बूट बर्फानं ओले, समोर चौतीस माणसं. खिशात फोन थरथरत होता. एका पक्षाचा संदेश: व्हर्न, आम्ही तुझ्यावर रागावलो नाही, फक्त दुखावलो आहोत. मग दुसऱ्याचा: व्हर्न, तू आम्हाला सोडलंस हे खरं का? तो दोघांच्याही यादीत होता, कारण दोघांनाही त्यानं कधी ना कधी होकार भरला होता. मध्यरात्रीपर्यंत पाच डॉलर. शेवटचे तीन तास. शेवटचे तीन तास तर गेली आठ वर्षं चालू होते. घरी असताना कुणी असं बोललं असतं तर त्यानं दार आपटलं असतं, पण फोनला दार नसतं. मग त्याचा नंबर आला. पडद्यावर फोटो, सही, अवयवदान करणार का, हो, मतदार म्हणून पत्ता तोच का, हो, पक्ष? खाली चौकोन होते. सगळ्यात शेवटचा होता ‘नाही’. काउंटरपलीकडची मुलगी च्युइंगम चघळत होती, तिनं बघितलंही नाही. त्यानं ‘नाही’वर बोट ठेवलं आणि पडदा पुढे गेला. एवढंच. वीज चमकली नाही, कुणी नाव पुकारलं नाही. पण बाहेर आल्यावर, त्या घाण बर्फात, त्याला एकदम हलकं वाटलं होतं, पायातून जड बूट काढल्यावर वाटतं तसं. संध्याकाळच्या फेरीला बस तलावाच्या काठानं रिकामी धावत होती आणि तो शीळ घालत होता. कितीतरी वर्षांत त्यानं पहिल्यांदा असं काही केलं होतं जे कुणी त्याच्याकडून मागितलं नव्हतं.

गाडी निघाली तेव्हा काच तलावावरच्या किड्यांनी भरलेली होती. जूनमध्ये ते येतातच, लाखांनी, दोन दिवस जगतात आणि मरून पडतात, त्याच्या जुन्या कारखान्याच्या भिंतीवर तर फावड्यानं ओढावे लागायचे. त्यानं पाणी मारून वायपर लावला आणि सगळी काच पिवळट चिकट झाली. मार्लीन म्हणाली, अरे वायपर नको लावूस, किती वर्षं सांगतेय. त्यानं बंद केला. मग पुन्हा लावला. कारखान्याचं फाटक डावीकडे आलं, आता तिथं गोदाम आहे, कसलं ते पाटीवरही लिहिलेलं नाही.

त्या फाटकावर त्यानं दोघांनाही बघितलं होतं. आधी डेमोक्रॅटांचा खासदारकीचा उमेदवार आला, डोक्यावर कामगाराचं हेल्मेट. हेल्मेटच्या मागच्या बाजूला किमतीचं लेबल तसंच होतं. व्हर्न नेमका त्याच्या पाठीशी उभा होता, त्यामुळे सगळ्यांना भाषण ऐकू आलं आणि त्याला एकोणीस डॉलर नव्याण्णव सेंट दिसले. हा कारखाना कुठेही जाणार नाही, तो माणूस म्हणाला. त्यानंतर सहा वर्षांनी रिपब्लिकनांचा आला, बाह्या वर दुमडलेल्या, पण इस्त्रीची घडी दुमडलेल्या बाह्यांवरही दिसत होती. हा कारखाना कुठेही जाणार नाही, तो म्हणाला. त्याच फाटकावर, तेच वाक्य. तेव्हा व्हर्न त्याच्याकडे गेला होता, लाइनवरचे निम्मे लोक गेले होते, पक्ष बदलायचा फॉर्म जेवणाच्या सुट्टीत एकाच पेनानं सगळ्यांनी भरला. इंजिनं बांधायचं काम टेक्ससला गेलं. मुलगा कर्ट कामाच्या मागोमाग टेक्ससला गेला. व्हर्न बसवर लागला. मधे तो पुन्हा डेमोक्रॅट झाला, मार्लीननं फॉर्म पुढे केला म्हणून, सही केली, जशी चर्चच्या रॅफलच्या तिकिटावर करतो. काही लोक म्हणायचे, दोघांतला कमी वाईट निवडायचा असतो. स्टॅश म्हणायचा, मग मी आयुष्यभर कमी वाईटच खाऊ का? व्हर्न तेव्हा हसायचा. तो कुठल्याच बाजूनं बोलायचा नाही. बोलायला लागलं की आपलाच आवाज टीव्हीतल्यासारखा वाटायला लागायचा, यांच्यासारखा नाहीतर त्यांच्यासारखा, तिसरा आवाज त्याच्या घशात नव्हताच.

त्याच्या बापाच्या घशात होता. बाप म्हणजे मोठ्या हाताचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं सात वर्षांच्या व्हर्नला फायर स्टेशनच्या हॉलमध्ये नेलं होतं. तेव्हा मतदानाचं लोखंडी मशीन असायचं, कपाटाएवढं, आत उभं राहून लाल मूठ ओढली की मागे पडदा खर्रकन बंद व्हायचा. आत बापाचा वास, ग्रीसचा आणि लवंगेच्या गोळीचा. बापानं त्याला कंबरेत धरून उचललं. सगळ्यात वरचा दांडा ओढ, म्हणाला, एक ओढला की आपले सगळे आले. व्हर्ननं दोन्ही हातांनी ओढला आणि खालचे सगळे छोटे दांडे आपोआप टकटकटक खाली पडले. काय आवाज होता तो! आपले सगळे आले. पडदा उघडला तेव्हा बाहेरची माणसं दोघांकडे बघून हसली आणि बापानं टोपी नीट केली, काहीतरी करून आल्यासारखी. व्हर्नला ते मशीन अजून स्वप्नात येतं. स्वप्नात तो दांडा ओढतो आणि खालचं काहीच पडत नाही.

“काय विचार करतोयस?” मार्लीन म्हणाली.

“काही नाही.”

“लँडग्राफ काढेल ना आधी? का आधी आपण?”

“आडनावाच्या पहिल्या अक्षरानं असेल. आपण सोबेक.”

“म्हणजे तो. हरामखोर जन्मापासून पुढे आहे.” तिनं आरसा खाली ओढला, ओठ बघितले, वर केला. “तू गप्प आहेस. तुला वाटतं मी हरणार.”

“मला तसं वाटत नाही.”

“मग सिग्नल हिरवा झालाय, चल की.”

फेब्रुवारीत तिनं उभं राहायचं ठरवलं तेव्हा पहिली सही त्याचीच मागितली होती, अर्जावर सह्या पक्षातल्याच लोकांच्या लागतात. तो म्हणाला, नवऱ्याची सही पहिली बरी दिसत नाही, लोक म्हणतील घरातल्याच गोळा केल्या. ती म्हणाली, शहाणा आहेस हो, आणि त्याच्या टकलावर चुंबन देऊन स्टॅशकडे गेली. स्टॅशनं सही केली. दोघांनाही चोर म्हणणाऱ्या स्टॅशनं पक्षाच्या यादीत नाव अजून तसंच ठेवलं होतं, कंटाळ्यानं, काढायचा कंटाळा म्हणून. व्हर्नचं नवं मतदार कार्ड पोस्टानं आलं ते त्यानं मासेमारीच्या डब्यात, गळांच्या खाली ठेवलं. सोबत परत बदलायचा फॉर्मही आणून ठेवला. मतदानाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत मुदत होती. डबा उघडायचा, फॉर्म बघायचा, पेन नाही म्हणायचा, बंद करायचा. पेन खिशातच असायचं. खरं काय ते त्याला ठाऊक होतं आणि ते फारच लाजिरवाणं होतं: त्याला तो हलकेपणा सोडवत नव्हता. मार्लीनसाठी तो परत जायला तयार होता, पण तिच्यासाठी परत जायचं म्हणजे त्या हेल्मेटकडेही परत जायचं. एकाच रकान्यात दोन्ही. आणि वर असंही वाटायचं, माझ्या एका मतानं काय होतंय. हे वाक्य त्यानं बसमध्ये हजारदा ऐकलं होतं, प्रवासी उतरता उतरता बोलायचे. मुदत शनिवार-रविवार धरून सोमवारी संपली. सोमवारी त्यानं डबल ड्यूटी घेतली.

मग तो मंगळवार. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये टेबलापलीकडे आयरीन बसली होती, त्यांच्याच गल्लीतली, चष्मा साखळीला. तिनं वहीत बोट फिरवलं, थांबवलं, चष्म्यावरून बघितलं. “व्हर्न,” ती हळू म्हणाली, “तुझ्या नावापुढे पक्षच नाहीये रे.” “ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मग आलास कशाला?” मार्लीन बाहेर उभी होती म्हणून. दहा फूट लांब राहायचा नियम असतो, तिनं खडूनं रेघ मारून घेतली होती आणि रेघेपलीकडे ती कानशी वाटत होती आणि त्याला आत जाताना तिनं बघितलं होतं. “तुला देण्यासारखा कागदच नाही माझ्याकडे,” आयरीन म्हणाली, “नोव्हेंबरात ये.” मागे रांग होती. कुणीतरी खोकलं. टेबलाच्या टोकाला स्टिकरचं भेंडोळं ठेवलेलं होतं आणि त्याच्या हातानं, त्याला न विचारता, एक ओढून घेतला. आयरीननं बघितलं आणि वहीचं पान उलटलं. तो बाहेर आला. मार्लीननं खिशावरचा स्टिकर बघितला आणि रेघ ओलांडून, नियमबियम मोडून, त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. तिच्या हातातल्या कानशी त्याच्या मानेला टोचत होत्या. लँडग्राफचा माणूस ओरडला, ओ बाई, दहा फूट! आणि सगळे हसले, व्हर्नपण हसला.

कोर्टाच्या इमारतीत पार्किंगला जागा मिळाली तीच बातमी वाटली. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बारा-पंधरा खुर्च्या, एक झेंडा, एक कॉफीचं मशीन, चालत नव्हतं. टेबलावर लाकडी पेटी होती, बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाएवढी, वर हात जाईल एवढं भोक. आत एक ते तीस आकड्यांच्या गोट्या. लहान आकडा येईल तो जिंकला. सगळं इतकं साधं होतं की व्हर्नला राग आला. बापानं टोपी नीट केली होती ती कशासाठी, याच्यासाठी? सहाशे अठरा लोक घरातून निघाले, आणखी सहाशे अठरा निघाले, आणि शेवटी चर्चचा रॅफल. मग राग फिरून त्याच्यावरच आला, कारण हा रॅफल कुणामुळे होता ते खोलीत दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि आयरीनला. आयरीन दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान हलवली, नमस्कार म्हणून. ती कुणाला बोलणारी बाई नव्हती. म्हणूनच तिच्याकडे बघवत नव्हतं.

लँडग्राफ उठून आला, दात पांढरेशुभ्र, हात पुढे. “मार्लीन. काहीही झालं तरी वाईट वाटून घेऊ नका.”

“मला कशाला वाईट वाटेल, डॉक्टर? पुस्तकं तुमच्या तळघरात आहेत.”

“माझ्या नव्हे, शाळेच्या.”

“हो ना. तीच सुरुवात आहे भांडणाची.”

तो हसला. माणूस वाईट नव्हता, तेच तर. तोही दोन्हीकडून उभा राहिला होता, त्यालाही दोन्हीकडून संदेश येत असतील, डॉक्टर, आम्ही दुखावलो आहोत. इतक्यात डेल आला, घामेजलेला, बगलेत पिवळं पाकीट. “आणली,” तो मार्लीनला म्हणाला, “तुझी गल्ली वरच ठेवलीय. पण आत्ता नको बघूस बाई, आधी गोटी होऊ दे.”

“दे इकडे.”

“मार्लीन, नंतर बघ,” व्हर्न म्हणाला.

“का? दोन मिनिटं आहेत. स्टॅशचं नाव बघते आणि ठेवते.” तिनं पाकीट मांडीवर घेतलं. तिची नखं लाल होती, निवडणुकीसाठी रंगवलेली, आता अर्धी उडालेली. पाकिटाला दोरा होता, गुंडाळलेला, ती उलगडायला लागली. एक वेढा. दोन वेढे. कारकून चष्मा पुसत होता. दोरा उलगडायला किती वेळ लागतो ते व्हर्नला कधी माहीत नव्हतं. चार खुर्च्या पुढे लँडग्राफचं नाव पुकारलं गेलं आणि तो उठला, बाही वर केली, पेटीत हात घातला, आणि सगळी खोली तिकडे बघायला लागली. मार्लीनचे हातही थांबले. गोट्यांचा आवाज आला, हाडांसारखा. “अकरा,” कारकून म्हणाला.

“अकरा!” मार्लीन पुटपुटली. “गल्लीचा आकडा. बघ, देव आहे. अकरापेक्षा लहान काढ, व्हर्न. दहा आहेत तशा आत, मी मोजलंय. जा. तुझा हात आहे.” आणि तिनं त्याचा हात धरला, उजवा, पडद्यावर ठेवला होता तोच, आणि दाबला. तिचा तळवा गार होता. ती खरंच घाबरली होती. तीस वर्षांत त्यानं तिला दोनदाच घाबरलेलं बघितलं होतं, कर्ट गाडीत सामान भरत होता तेव्हा आणि आत्ता.

आता नाही सांगितलं तर ती पाकीट उघडेल, त्याचा हात पेटीत असताना, आणि मग बाहेर काढलेली गोटी कितीचीही असो, तिच्या डोक्यात कायम तीच ओळ राहील: घर नंबर, सोबेक व्हर्नन, पक्ष नाही, आला नाही. आणि सांगितलं तर त्याला हात घालायला कदाचित ती उठूही देणार नाही. त्यानं खिशावरचा स्टिकर धरला. वर आलेला कोपरा नखात आला. ओढला तर जाकिटाची थोडी लव सोबत आली आणि खाली गोल स्वच्छ डाग राहिला, तीन आठवड्यांपूर्वीच्या कापडाच्या रंगाचा.

“अरे, काढू नको ना! शुभ—”

त्यानं तो तिच्या तळव्यावर ठेवला. चिकट बाजू वर.

“सोबेक,” कारकून म्हणाला. “सोबेक यांच्यातर्फे?”

“त्या यादीत मी आहे,” व्हर्न म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. “मार्लीन. अकरांत मी आहे. आत गेलो होतो, पण मला कागदच मिळाला नाही. जानेवारीत मी नाव काढून घेतलं, दोघांतूनही. तुझ्यातून नाही. तुझ्यातून नव्हतं काढायचं.”

ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती तळव्यावरच्या स्टिकरकडे बघत होती, कुणाच्या कापलेल्या केसांत काही सापडावं तशी. पाकिटाच्या दोऱ्याचा एक वेढा अजून शिल्लक होता.

“तीन आठवडे,” ती म्हणाली. “तीन आठवडे मी तो काढू दिला नाही.”

“सोबेक! कुणी आहे का?”

“आहे,” व्हर्न म्हणाला, आणि उठला. तिचा हात त्याच्या बाहीवर होता, धरलेला की ढकलणारा ते कळत नव्हतं. “मार्लीन, सोड. बोलावतायत. मला आता जायला हवं.”